ओशिनोचा उसना चेहरा

देवळाकडं निघाली तेव्हा नुईच्या हातात उदबत्तीचा पुडा होता, पिवळी शेवंती होती आणि गोड बनांचा डबा होता. डब्यात बन सहा. नदीवरचा पूल ओलांडेस्तोवर पाच झाले. देवळाच्या पायऱ्यांपाशी तीन. आता सतरा वर्षांची पोरगी, सकाळपासून पोटात काही नाही, वर ऊन असं की कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसलेला. मेलेल्या बाईला सहा बन लागतात कशाला?

भुतं रात्रीच येतात असं कुणी सांगितलं असेल तर आत्ताच विसरा. ही गोष्ट सगळी भर दुपारची आहे. तेव्हा सिनेमाला ऊन लागायचं. नदीकाठचा तो स्टुडिओ म्हणजे नुसतं काचेचं घर. छप्पर काचेचं, भिंती काचेच्या. सूर्य मावळला की सगळ्यांना सुट्टी, भुतालासुद्धा.

त्या उन्हाळ्यात तिथं ओशिनोचं चित्र, म्हणजे सिनेमा, काढायचं ठरलं होतं. ओशिनो म्हणजे शंभर-दीडशे वर्षांमागची एका रंगाऱ्याची बायको. नवरा दुसरीच्या नादी लागला. एका दुपारी त्यानं हिला निळीच्या हौदात ढकललं, वर लाकडी झाकण टाकलं आणि त्या झाकणावर बसून जेवला. उन्हाळा आला की तोक्योतली नाटकवाली मंडळी हीच गोष्ट काढायची, घामानं भिजलेल्या लोकांच्या पाठीत जरा गारवा भरावा म्हणून. पण जो कुणी ओशिनो होणार, त्यानं आधी तिच्या थडग्याशी जाऊन यायचं असा नेम होता. भले भले नट तो पाळायचे.

सकाळी रंगपटात उमेनोस्केनं तिला सगळं पढवलं होतं. हा उमेनोस्के पंचेचाळिशीचा नट, जन्मभर बायकांची कामं केलेला. नुसती मान वळवली तरी बघणाऱ्याच्या काळजात लक्क व्हायचं म्हणे. पण सिनेमात बाईचं काम बाईनंच करायचं अशी टूम निघाली आणि दोन वर्षांत त्याच्या वाट्याला आधी सासवा आल्या, मग शेजारणी. आता तर नुईच्या थोबाडाला पांढरा रंग फासायचं कामच उरलं होतं.

“उदबत्ती लावायची. डोकं टेकायचं. मग नाव सांगायचं, गाव सांगायचं,” तो कुंचला फिरवत म्हणाला. “कंपनीनं चिकटवलेलं नाव नाही हं. आईबापानं ठेवलेलं. आणि म्हणायचं, ओशिनोबाई, तुमचा चेहरा थोडे दिवस उसना द्या. खेळ संपले की परत जायचं, म्हणायचं, घ्या, परत आणला. कळलं?”

“कळलं. बन कुठल्या दुकानातले?”

“बघा!” त्यानं कुंचलाच खाली ठेवला. “बदकासारखी बसतेस, हमालासारखी चालतेस आणि ओशिनो करायला निघालीस. मी अकरा वर्षं रंगमंचावर ओशिनो केली, पोरी. समोरच्या बायका हुंदके देऊन रडायच्या.”

“मला बघूनही रडतील.”

“रडतील ना. तिकिटाच्या पैशांसाठी.”

अख्खा रंगपट खो खो हसला. नुईपण हसली, बत्तीस दात दाखवून. पण आत एक कुसळ घुसलं ते घुसलंच.

ओशिनोचं थडगं देवळामागं बांबूच्या बेटात होतं. मांडीएवढा उंच दगड, वरची अक्षरं झिजलेली. नुईनं उदबत्ती लावली, शेवंती ठेवली. मागंपुढं पाहिलं. चिटपाखरू नाही. मग तिनं मान तिरकी केली, किमोनोची बाही ओठांशी धरली आणि हुबेहूब उमेनोस्केचा तो नाजूक, नाकातला आवाज काढला. नकला म्हणजे तिच्या हातचा मळ.

“मी उमेनोस्के हो, ओशिनोबाई! तुमचं जुनं गिऱ्हाईक. मुक्काम नदीमागची गल्ली, तेलवाल्याची माडी. चेहरा उसना द्या बाई. माझा पार सुरकुतला.”

आणि स्वतःच पोट धरून हसत सुटली. हसता हसता आणखी दोन बन खाल्ले. एक ठेवला दगडासमोर. निघताना पाय घसरला म्हणून तिनं दगडाला हात लावला.

दिवसभर उन्हात तापलेला दगड. विहिरीच्या तळासारखा गार.

तिनं हात झटकला. बोटांना कसलातरी वास येत होता, आंबलेला, नाकात चढणारा. गावाकडच्या रंगाऱ्याच्या अंगणात यायचा तसा. “छ्या,” ती म्हणाली आणि पूल येईस्तोवर तो वास पुसत राहिली, कधी झाडाला, कधी कपड्याला.

आता ही कार्टी सिनेमात आली कशी, ते ऐका.

तिचं गाव पार उत्तरेला, इशिमोरी नावाचं हेरिंग माशांचं बंदर. तिथं मासे मोठाल्या कढयांत उकळून त्यांचं खत करतात. त्या धुरावाफेत वीस वर्षं काढून नुईच्या आईचे डोळे गेले. अगदी ठार नाही, पण जवळचं माणूस म्हणजे नुसता डाग. लहानपणी नुई शेजारच्या पोरीला आपल्या जागी आईपुढं बसवायची आणि दाराआड हसायची. आई फसायची नाही. ती पोरीचा उजवा हात ओढायची आणि अंगठा चाचपायची. नुईच्या अंगठ्यावर मासे चिरायच्या सुरीचा तिरका वण होता. तो लागला की आई म्हणायची, “हं. नुईच.” नाही लागला तर शेजारच्या पोरीच्या पाठीत धपाटा.

अकराव्या वर्षी नुईला सूतगिरणीत धाडलं. तिथनं ती पळाली. पळालेली पोर गावी गेली की गिरणीचा माणूस दारात हजर, म्हणून सहा वर्षं गाव तोडलं. आईला फोटो पाठवून काय उपयोग? एवढासा कागद, तिला दिसणार काय? पण सिनेमातलं जवळून घेतलेलं तोंड भिंतीएवढं असतं. आठ फुटी नाक-डोळे. ते आईला दिसेल. दिसलंच पाहिजे. एवढ्यासाठी नुईनं थिएटरात बसायच्या उशा विकता विकता कुराता मास्तरांसमोर त्यांचीच नक्कल केली, शिव्या खाल्ल्या आणि काम मिळवलं. कुराता मास्तर म्हणजे चित्र काढणारे, तोंडात सदा विझलेली सिगारेट.

पहिल्या चित्रात तिची पाठ दिसली. दुसऱ्यात छत्री. हे तिसरं. यात ओशिनो हौदातून वर येते आणि तिचं तोंड सगळा पडदा भरून टाकतं.

“फक्त तोंड?” नुईनं तीनदा विचारलं होतं.

“फक्त तोंड,” मास्तर म्हणाले. “तुझं नशीब की तोंड बरं आहे. बोलतेस तेवढं दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी उमेनोस्के कामावर आला नाही. अंगात कसकस आहे, असा निरोप आला. नुईनं आपलं आपण तोंड रंगवलं.

हेइहाची, म्हणजे कॅमेरावाला, तिच्या हातांना लाल रंग लावत बसला. शांत माणूस, बारा वर्षं कॅमेऱ्याचा दांडा फिरवून उजवा दंड डाव्याच्या दुप्पट झालेला.

“ओशिनोचे हात निळे ना, दादा?” नुई म्हणाली. “लाल का फासताय?”

“फिल्मला लाल काळं दिसतं. निळं पांढरं दिसतं. निळे रंगवले तर पडद्यावर कोरेच हात दिसतील.”

“म्हणजे खरी ओशिनो येऊन उभी राहिली तरी तिचे हात कळायचे नाहीत?”

“नाही कळायचे,” हेइहाची म्हणाला. मग जरा थांबून, “गप बस.”

नुई लाकडी हौदात बसली. पाणी गुडघ्याएवढं, कोमट. वरनं काचेतून ऊन असं की काचा तापून टक् टक् वाजत होत्या. एरवी तिला एका जागी बसवायचं म्हणजे बांधून ठेवावं लागे. पाय हलव, मान खाजव, कुणाला जीभ दाखव. आज मात्र ती पुतळ्यासारखी बसली. आई बघणार होती.

हेइहाचीनं काळ्या फडक्यात डोकं घातलं आणि भिंग जुळवू लागला. जुळवता जुळवता थांबला.

“मागं कोण आहे? बाजूला व्हा.”

मागं कुणी नव्हतं. मागं काच, काचेपलीकडं नदी.

तो परत फडक्यात गेला. आतून आवाज आला, “बाजूला व्हा म्हणतो ना…”

“अरे कोण बाजूला होऊ?” मास्तर खेकसले. “ऊन चाललंय! फिरव दांडा!”

खर्र… खर्र… खर्र… दांडा फिरला. नुई पाण्यातून हळूहळू वर आली आणि भिंगात बघत राहिली. मनात म्हणत होती, आई, ही मी. आई, ही मी. पाणी तेवढं एकदम गार झालं, पाय बधिर होण्याइतकं. आणि तो वास. आंबलेला.

काम संपल्यावर हेइहाची तिला कोपऱ्यात घेऊन गेला. कपाळावरचा घाम पुसायचंही भान नव्हतं त्याला.

“खरं सांग. काही कारस्थान आहे का तुझं? गेल्या महिन्यात माझ्या पेटीत बेडूक ठेवलास तसं?”

“शप्पथ नाही, दादा. काय झालं?”

“भिंगाच्या काचेत सगळं उलटं दिसतं, पोरी. डोकं खाली, पाय वर. तू उलटी, हौद उलटा, नदी उलटी. बारा वर्षं असंच बघतोय…” त्यानं आवाज खाली आणला. “तुझ्यामागं एक जण होतं. ते सुलटं होतं.”

तीन दिवसांनी रीळ धुऊन आलं. खिडक्यांना गोधड्या लावून गोदामात सगळे बघायला बसले. नुई सगळ्यांच्या पुढं, जमिनीवर, बदकासारखी. आता येणार, आता येणार. हौद आला. केस आले, पाण्यात पसरलेले. मग कपाळ वर आलं, मग डोळे…

तिचे नव्हते.

सबंध भिंत भरून उमेनोस्के बघत होता. डोळ्यांखालच्या सुरकुत्या, हनुवटीवरचा तीळ, सगळं त्याचं. रडत नव्हता, हसत नव्हता. नुसता बघत होता, खाली, पहिल्या रांगेकडं.

कुणीतरी दिवा लावला. मास्तरांच्या तोंडातली सिगारेट खाली पडली होती.

“ही कसली थट्टा?”

“मास्तर, मी नाही…”

“पावडरीत तांदळाचं पीठ कुणी घातलं होतं? तू. माझ्या खुर्चीला खळ? तू. आता त्या म्हाताऱ्याला हौदात बसवून मला उल्लू बनवतेस? कधी केलंस हे? सगळे जेवायला गेले तेव्हा?”

“हेइहाचीदादाला विचारा! मीच होते हौदात!”

हेइहाचीनं मान खाली घातली. तो काय बोलणार? बोलला असता तर त्यालाही वेड्यात काढलं असतं.

“फिल्म संपली, पैसे संपले,” मास्तर म्हणाले. “परवा दुपारी पहिला खेळ. जाईल ते असंच जाईल. पाटीवर तुझ्या जागी त्याचं नाव घालतो. तू उद्यापासून तोंड दाखवू नकोस.”

जन्मभर खोड्या करून हे कमावलं होतं तिनं. एकदाच खरं बोलली आणि कुणाला खरं वाटेना.

ती पळतच तेलवाल्याच्या माडीवर गेली. तेलाच्या वासाखाली जिन्यात तोच दुसरा वास होता. वरच्या खोलीत उमेनोस्के घंगाळापुढं बसून हात धूत होता. राख लावून घासत होता. पाणी स्वच्छ. हात कोपरापर्यंत निळे, गडद, भिजल्या कापडासारखे.

त्यानं वर पाहिलं. चार दिवसांत गालफडं बसली होती.

“ती येते,” तो म्हणाला. “रोज दुपारी. तिथं बसते, तू उभी आहेस ना, तिथं.”

नुई उडी मारून बाजूला झाली.

“मी तिला म्हणतो, बाई, मी अकरा वर्षं दर वेळी परत केलं, माझ्याकडं तुमचं काही नाही. ती ऐकते. आणि हात पुढं करते…”

“उमे-सान,” नुई म्हणाली. “मी… मी थडग्यापाशी तुमचं नाव सांगितलं. तुमच्या आवाजात.”

घंगाळातलं पाणी हलायचं थांबलं. तो ओरडेल, मारेल असं तिला वाटलं. तो उलट हळूच हसला, ते जास्त वाईट होतं.

“आवाज बरा काढतेस म्हणजे. तिलाही फसवलंस.”

“मी जाते. परत देऊन येते. आत्ता जाते.”

“काय परत देशील? नाटकाचा पडदा पडला की खेळ संपतो. दुसऱ्या दिवशी मी जायचो, परत करायचो, मोकळा. सिनेमा कधी संपतो गं? इथला खेळ संपला की रीळ दुसऱ्या गावी. तिथनं तिसऱ्या. कुराता मास्तरांनी मला दोनदा विचारलं होतं, सिनेमात ओशिनो कर म्हणून. मी नाही म्हणालो. याचसाठी नाही म्हणालो.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

त्यानं आणखी चिमूटभर राख घेतली आणि हात घासू लागला.

“सांगितलं असतं तर हसली असतीस.”

“हो,” नुई म्हणाली. “हसले असते.”

“आणि मला वाटलं…” त्याचा आवाज अगदी बारीक झाला. “वाटलं, बघू तरी या पोरीचं काय होतं ते.”

खाली तेलवाला कुणाशीतरी भांडत होता. दोघंही ते ऐकत राहिले. माणसं भांडतात ते ऐकायला किती बरं वाटतं, असं नुईला पहिल्यांदाच कळलं.

“नाव बदलून आले तर तुमचं सुटेल?” तिनं विचारलं.

“माझं सुटेल. तुझ्यावर येईल.”

“आणि पडद्यावर?”

“ज्याचं नाव, त्याचं तोंड.”

झालं. पुढचं तिनं ऐकलंच नाही. आता ही पोरगी त्या म्हाताऱ्याला वाचवायला पळाली का आईला तोंड दाखवायला, ते तिलासुद्धा सांगता आलं नसतं. उमेनोस्के मागनं ओरडत होता, “खरं नाव! खरं गाव! अर्धवट सांगितलंस तर दारोदार शोधत फिरेल ती…”

या खेपेला डब्यात बन सहा होते आणि दगडापाशी सहाच पोचले. तिनं कपाळ मातीला लावलं. आधी ठेवलेला बन तसाच होता, मुंग्यासुद्धा लागल्या नव्हत्या.

“ओशिनोबाई, तो उमेनोस्के नव्हता. मी होते. माझं नाव नुई. गाव इशिमोरी.” घाबरलं की तिच्या तोंडाला कुलूप राहत नसे, तसंच झालं. मागच्या वेळी मुक्काम सांगितला होता, म्हणून आताही सांगितला. राहायची ती स्टुडिओमागच्या खोलीत, सहा पोरींच्या मधे. पण घर म्हटल्यावर जे डोळ्यापुढं आलं, तेच बोलून गेली. “घर बंदरावर, खताच्या भट्टीच्या मागं. दारात मोडकी होडी आहे. घरी आई असते. एकटीच.”

बांबूच्या बेटात सळसळ झाली नाही, काही झालं नाही. दगड या वेळी उन्हानं तापलेला होता. जणू आत कुणी उरलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पहिला खेळ. नुई लपतछपत मागच्या भिंतीशी उभी. शेजारी उमेनोस्के, हात बाह्यांत लपवलेले. चित्रं तेव्हा मुकी, म्हणून पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा. तो घसा खाकरून हौदाच्या प्रसंगाला आला. केस आले. कपाळ आलं.

नुई आली.

आठ फुटी, ओली, भिंतीएवढी. नाकाचा तो जरा बसका शेंडासुद्धा तिचाच. थिएटरात बायका किंचाळल्या, एक माणूस उठून पळाला, खाऊची टोपली लवंडली. आणि नुई मागं उभी राहून रडत होती, हसत होती. आई, ही मी! पुढच्या रांगेत कुराता मास्तर तोंडाचा आ करून बसले होते. उमेनोस्केनं बाह्यांतून हात बाहेर काढले. पांढरे, सुरकुतलेले, आपले स्वतःचे.

तेवढ्यात पडद्याशेजारून एका बाईचा आवाज आला. सावकाश, पाण्याखालून आल्यासारखा.

“नुई. इशिमोरी. भट्टीच्या मागं. दारात मोडकी होडी…”

लोकांना वाटलं, गोष्टीतलंच आहे. खेळ संपल्यावर नुईनं त्या आवाज काढणाऱ्याला गाठलं. तो वैतागला. “कसली होडी? तिथं मला वाक्यच नाही. मी तर पाणी पीत होतो.”

कुराता मास्तरांनी तिला परत घेतलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, रस्त्यात पोरं हौद-हौद खेळायला लागली. नुई रोज दुपारी थडग्याशी जायची, म्हणायची, घ्या, परत आणला. दगड गप्प. आणि रीळ चाललं होतं. सेंदाई, मोरिओका, आओमोरी. तिथनं बोटीनं समुद्र ओलांडून उत्तरेला. ती नकाशात गावं मोजायची आणि नखं खायची. आईला दिसेल म्हणून आनंद, आणि आनंदाच्या आत एक उंदीर, सारखा कुरतडणारा. एका जागी बसवत नव्हतं. जेवता जेवता उठायची, दार उघडून बघायची.

पुढच्या चित्रासाठी हेइहाचीनं तिचं तोंड टिपलं. रीळ धुऊन आलं, तेव्हा त्यानं आधी दार लावलं.

विगाचे केस होते. कॉलर होती. मधे तोंडाच्या जागी कोरं पांढरं. लाल रंगवलेले ओठ तेवढे काळे, हवेत लोंबकळत असल्यासारखे.

“ऊन जास्त झालं असेल,” नुई म्हणाली.

“तीनदा काढलं.” हेइहाची तिच्याकडं बघत होता. खिडकीत, उजेडात, नीट निरखून. “दिसतेस तर नेहमीसारखी…”

पांढरं कशानं येतं, ते दोघांनाही माहीत होतं. अशी ती संपली, नुईची सिनेमातली कारकीर्द. एका चित्रात पाठ, एकात छत्री, एकात तोंड.

बोचकं बांधत होती त्याच दिवशी कंपनीच्या पत्त्यावर पत्र आलं. इशिमोरीहून. आईला लिहिता येत नाही, तेव्हा गावच्या देवळातले पुजारी लिहून द्यायचे. नुईला वाचायला वेळ लागायचा, म्हणून रंगपटात उमेनोस्केनं वाचायला घेतलं.

“कंपनीच्या साहेबांना नमस्कार. आमच्या गावात तुमचं चित्र आलं. मी अगदी पुढं बसले. सहा वर्षांनी पोरीचं तोंड दिसलं. केवढं मोठं! साहेब, या डोळ्यांना आता दुसरं काही दिसलं नाही तरी चालेल…”

नुईनं बाहीनं नाक पुसलं. “वाचा ना.”

“दुसऱ्या दिवशी दुपारी पोर दारात उभी. तुम्ही तिला घरी पाठवलीत, तुमचे उपकार कसे…” उमेनोस्के थांबला.

“वाचा.”

“नको, पोरी.”

तिनं बोचकं त्याच्या हातात कोंबलं, पत्र हिसकावलं आणि एकेक अक्षर लावत वाचू लागली.

‘आधी फार वांड होती. आता गुणाची झाली आहे. बोलत नाही, हसत नाही. दिवसभर पाण्याच्या पिंपात हात घालून बसते. मी आधी विचारात पडले, म्हणून अंगठा चाचपला. वण आहे. माझी नुईच. जेवत नाही, पण गोड बन ठेवले की मोजते. सहा लागतात. पाच ठेवले तर डबा माझ्याकडं सरकवते आणि बघत बसते.’

खाली पुजाऱ्यांनी आपल्या मनानं दोन ओळी लिहिल्या होत्या. ‘मुलीचे हात कोपरापर्यंत निळे आहेत. आईला दिसत नाही, मीही सांगितलं नाही. अलीकडे आईची बोटंही निळसर दिसतात. तुमच्याकडचा हा रंग कशानं निघतो, कृपया लवकर कळवावं.’

सहीच्या जागी दोन अंगठे उमटवले होते. एक रुंद, चपटा, आईचा. दुसरा लहान, आणि त्याच्या मधोमध तिरकी रेघ.

“शेवटची गाडी किती वाजता?” नुई म्हणाली. उत्तराची वाट न बघता तिनं आपला उजवा अंगठा त्या दुसऱ्या ठशावर ठेवून पाहिला. तंतोतंत बसला. मग तिनं तो उचलून उजेडात धरला आणि उमेनोस्केच्या हातातलं बोचकं खाली पडलं.

अंगठा गुळगुळीत होता. वण कुठंच नव्हता.

इशिमोरीला पोचायला तीन दिवस लागतात. गाडी, बोट, परत गाडी. नुई सबंध वाट उभीच होती म्हणतात, खिडकीशी, अंगठा नखानं खरवडत. मोडक्या होडीपाशी पोचेल, दारात उभी राहील, म्हणेल, आई, मी नुई, खरी नुई. आत पिंपातलं पाणी हललेलं ऐकू येईल.

आणि आई नेहमीसारखा हात पुढं करील. म्हणेल, दे बघू अंगठा.